तोडणीची पाळी चुकली कुठे?
(ऊस विकास विभागाकडून)



२०२४-२५ च्या गळीत हंगामातील गोष्ट. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. आमच्या गट ऑफिसात एक ज्येष्ठ सभासद आले. टोपी काढून टेबलावर ठेवली, भिंतीवर लावलेल्या तोडणी कार्यक्रमाच्या यादीकडे बोट केले आणि म्हणाले, "साहेब, माझी आडसाली लागण २८ जुलैची. बांधाला बांध लागून पाव्हण्याचा ऊस आहे, त्याची पूर्वहंगामी, ४ नोव्हेंबरची. दोघांची जात एकच. मग यादीत त्याची पाळी आधी अन् माझी मागं, हे कोणतं गणित? का वरून कुणाचा फोन आला?"

फोन कुणाचाच आलेला नव्हता. पण हे त्यांना नुसते तोंडाने सांगून पटणार नव्हते, आणि खरे सांगायचे तर यादी पाहून आम्हीही चक्रावलो. आम्ही नोंद पावती काढली. लागणीची तारीख बरोबर, गट नंबर बरोबर, जात को ८६०३२ ही बरोबर. संगणकातही तीच तारीख. सगळे बरोबर, आणि यादी मात्र चूक! दोन दिवस शोध घेतला तेव्हा कुठे घोडे कुठे पेंड खाते ते कळले. जे कळले ते सर्व सभासदांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख. आम्ही शेतकी पदविकेची माणसे, संगणकाचे शास्त्र आमचे नव्हे. पण उसाची पाळी ज्याच्यावर ठरते ते आपल्याला समजलेच पाहिजे.

यादी नेमकी कशी बिघडली?

त्या यादीतील सहा नोंदी खाली देत आहोत. संगणकाने लावलेला क्रम जसाच्या तसा आहे.

०२/०१/२०२४ – सुरू
०३/०८/२०२३ – आडसाली
०४/११/२०२३ – पूर्वहंगामी
०५/०७/२०२३ – आडसाली
१२/०८/२०२३ – आडसाली
२८/०७/२०२३ – आडसाली

वरवर पाहिले तर यात काही ताळतंत्र दिसत नाही. जानेवारी २०२४ ची सुरू लागण सर्वांच्या आधी, आणि सोळा महिन्यांचा आडसाली ऊस सर्वांच्या शेवटी. पण फक्त डावीकडचे दोन आकडे वाचा: दोन, तीन, चार, पाच, बारा, अठ्ठावीस. क्रम अगदी बरोबर आहे! संगणकाने महिना पाहिला नाही, साल पाहिले नाही, डावीकडून जे पहिले दिसले त्यावर ओळ लावली. म्हणजे कोणत्याही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ज्यांनी लागण केली त्यांचे नशीब उघडले, आणि महिनाअखेरीस लागण करणारे मागे पडले.

पूर्वी असे का होत नव्हते? कारण पूर्वी यादी हाताने होत असे. रजिस्टरात प्रत्येक महिन्याचे पान वेगळे होते. जुलैचे पान संपल्याशिवाय ऑगस्टचे पान कोणी उघडतच नव्हते. त्या हंगामात पहिल्यांदाच यादी थेट संगणकातून काढली, आणि तिथे पाने नव्हती.

आता कोणी म्हणेल, पंधरा दिवस इकडे-तिकडे झाल्याने काय बिघडते? बिघडते. पक्व ऊस शेतात उभा राहिला की तुरे येतात, कांडी पोकळ पडते, उन्हाची तिरीप वाढली की वजन घटते. उलट कच्चा ऊस आधी आला की साखर उतारा खाली येतो. आणि एफआरपी उताऱ्याशी जोडलेली असल्यामुळे तो तोटा एकट्याचा राहत नाही, सर्वांच्या दरात उतरतो. शिवाय शेत उशिरा मोकळे झाले की खोडव्याची फूट आणि पुढचे पीक, दोन्हींचे वेळापत्रक कोलमडते. आणि या सर्वांपेक्षा मोठे नुकसान म्हणजे सभासदाच्या मनात वशिल्याचा संशय येणे. सहकारात तो एकदा आला की लवकर जात नाही.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

रजिस्टरात जसे उभे रकाने असतात तसेच संगणकाच्या माहितीसाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, असतात. फरक एवढाच की तिथे रकाना आखताना त्याला नाव द्यावे लागते, आणि त्यात काय भरणार तेही सांगावे लागते: मजकूर, पूर्ण आकडा, दशांश आकडा, की तारीख. याला रकान्याचा प्रकार म्हणतात. आमच्या रकान्याचे नाव होते 'लागण तारीख', आणि प्रकार होता मजकूर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आपल्याला ती तारीख दिसत होती, पण संगणकाच्या लेखी ती अक्षरांची एक माळ होती.

मजकुराचा क्रम शब्दकोशासारखा लागतो. कोशात शब्द लांब की आखूड हे पाहत नाहीत, पहिले अक्षर पाहतात. ते सारखे असेल तर दुसरे. म्हणून 'कापूसखरेदी' हा शब्द कितीही लांब असला तरी 'गहू'च्या आधीच येणार. मजकूर म्हणून लिहिलेला १० हा ९ च्या आधी येतो तो याच कारणाने. कारण १ हे चिन्ह ९ च्या आधीचे. यात संगणकाचा दोष नाही. त्याला कोश लावायला सांगितला, त्याने कोश लावला.

मग मजकूर प्रकार ठेवलाच का होता? कारण त्यात काहीही बसते. जुनी रजिस्टरे भरताना कोणी ५-७-२३ लिहिले, कोणी ५.७.२०२३, कोणी 'जुलै पहिला आठवडा'. मजकुराच्या रकान्याने सगळे मुकाट्याने पोटात घेतले. तारखेचा रकाना असता तर त्याने 'जुलै पहिला आठवडा' दारातच अडवले असते. ३१ जूनही अडवली असती, कारण अशी तारीख नसतेच. काट्यावर रिकामी गाडी भरलेली म्हणून जाऊ शकत नाही, तसा योग्य प्रकारचा रकाना हा दारावरचा पहारेकरी असतो. तो गैरसोयीचा वाटतो, पण त्याच्यामुळेच पुढचा हिशोब बसतो.

तारखेच्या प्रकारात साठवले म्हणजे पावतीवर तारीख उलटी छापून येईल, अशी भीती आमच्या एका चिटबॉयला वाटली होती. तसे होत नाही. साठवणे वेगळे आणि दाखवणे वेगळे. आत ती तारीख म्हणून राहते, पावतीवर आपल्या रीतीने दिवस-महिना-वर्ष अशीच छापता येते. आणि काही कारणाने मजकुरातच तारीख ठेवावी लागली, तर आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहावे: २०२३-०७-२८. मोठे माप आधी आले की कोशाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगते. वर्ष मात्र चार आकडीच हवे. १९९९ साल संपताना जगभरच्या संगणकवाल्यांची झोप उडाली होती ती दोन आकडी वर्षामुळेच. ९९ नंतर येणारे ०० हे क्रमात ९९ च्या आधी जाऊन बसत होते.

टनांचे आणि उताऱ्याचे रकाने

तारखेचे सापडल्यावर आम्ही बाकीचे रकाने तपासले. वजनाचा रकाना एका जुन्या तक्त्यात मजकूरच निघाला. त्यात चढता क्रम लावला की असे दिसे: १२.३००, २.४५०, २१.७००, ९.८५०. खरा क्रम २.४५०, ९.८५०, १२.३००, २१.७०० असा पाहिजे. याचा चटका कुठे बसतो पाहा. हेक्टरी उत्पादनाची बक्षिसे काढताना मजकुराच्या क्रमाने ९८ टनवाला पहिला येईल आणि १८५ टनवाला मागे जाईल. कारण ९ हे १ पेक्षा मोठे! ज्याने दीड वर्ष राबून विक्रम केला त्याचे नावच यादीच्या तळाशी.

म्हणून वजन, क्षेत्र, दर, रक्कम हे सर्व आकड्याच्या प्रकारात हवेत. त्यातही पैसे आणि वजन यांना ठरावीक दशांश स्थळांचा प्रकार घ्यावा, ज्याला डेसिमल म्हणतात. फ्लोट नावाचा दुसरा एक प्रकार आहे, तो दशांश जवळपास धरतो, तंतोतंत नाही. जवळपास हा शब्द ऊस बिलात चालत नाही.

आकड्यासारखे दिसते ते सर्व आकडा नव्हे

इथे उलटी चूकही होते. आकडे दिसले की आकड्याचा प्रकार, असा नियम करून चालत नाही. बँक खाते नंबर घ्या. तो ००४५ ने सुरू होत असेल आणि रकाना आकड्याचा असेल, तर संगणक पुढची शून्ये गाळून ४५ ठेवतो. त्याच्या दृष्टीने किंमत तीच. पण बँकेच्या दृष्टीने तो खाते नंबरच राहत नाही, आणि बिल अडकते. मोबाईल नंबर, आधार क्रमांक, पिनकोड, हे सगळे मजकुराच्याच रकान्यात हवेत.

ओळखायची कसोटी सोपी आहे. त्या दोन नोंदींची बेरीज करून काही अर्थ निघतो का, हे विचारावे. दोन खेपांच्या वजनाची बेरीज म्हणजे एकूण ऊस. दोन मोबाईल नंबरांची बेरीज म्हणजे काहीच नाही. जिथे अर्थ निघत नाही तिथे ते आकडे नव्हेत, ते नाव आहे. फक्त आकड्यांत लिहिलेले.

सभासद क्रमांक मजकुरात ठेवून तो क्रमाने लावायचा असेल, तर सर्वांची लांबी सारखी करावी: ००००९, ०००१०, ००१२५. सगळे पाच आकडी झाले की मजकुराचा क्रमही बरोबर बसतो. आणखी एक गोष्ट: एका ऑपरेटरने इंग्रजी आकडे आणि दुसऱ्याने मराठी आकडे मजकुराच्या रकान्यात टाकले, तर संगणकाला ती दोन निराळी चिन्हे वाटतात. साध्या क्रमात इंग्रजी आकड्यांच्या सर्व नोंदी आधी येतात आणि मराठीच्या सर्व नंतर. एकच पद्धत ठरवून घेतलेली बरी.

गट नंबरची कथा

सर्वांत जास्त डोकेदुखी गट नंबरची. ११२/१, ११२/२, ११२/१० असे तीन पोटहिस्से असले की मजकुराच्या क्रमात ११२/१० हा ११२/२ च्या आधी येतो. आकड्याचा प्रकार घ्यावा तर तिरकी रेघ आणि पुढचा अ-ब-क त्यात बसत नाही. यावर उपाय म्हणजे दोन रकाने करणे: मूळ गट क्रमांक हा आकडा, आणि पोटहिश्श्याचा क्रमांक वेगळा. दोन्हींवर मिळून क्रम लावायचा. सातबाऱ्यावर आहे तसा पूर्ण गट नंबर दाखवण्यासाठी तिसरा रकाना मजकूर म्हणून ठेवायचा.

आणि एक्सेलच्या तक्त्यापासून फार सावध राहावे लागते. तिथे १२/१ असे इंग्रजी आकड्यांत टाकले की तो आपण होऊन त्याची तारीख करतो: १२ जानेवारी! आमच्याकडे एका गावाच्या यादीत गट नंबरच्या जागी अशा तारखा सापडल्या. एकीकडे तारखेला मजकूर केले होते आणि दुसरीकडे गटाची तारीख झाली होती. म्हणून रकाना आधी 'टेक्स्ट' करून मगच गट नंबर टाकावा.

नावांचा क्रम आणि आपला ळ

नावे मजकूरच, त्यात वाद नाही. पण मराठी मजकुराचा क्रमही सांगून ठेवावा लागतो. मुळाक्षरांत आपण श, ष, स, ह म्हणून मग ळ म्हणतो. संगणकाच्या युनिकोड तक्त्यात मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसवलेला आहे. त्यामुळे साध्या क्रमात काळे आधी आणि कावळे नंतर येतात; आपल्या मुळाक्षरांप्रमाणे कावळे, काशिद, कासार आणि मग काळे यायला हवेत. क्ष ला तर तिथे वेगळे घर नाही, तो क च्या जोडाक्षरांत जातो, म्हणून क्षीरसागर हे क च्या शेवटी सापडतात. मतदार यादीसारख्या कामात कोणी ह च्या पुढे शोधत बसला तर त्याला आपले नावच सापडायचे नाही. अक्षरक्रमाच्या या नियमाला कोलेशन म्हणतात. मराठीचा नियम निवडता येतो, पण तो आपण होऊन लागेलच असे नाही.

हंगाम प्रकाराचेही असेच. अक्षराप्रमाणे क्रम लावला तर आडसाली, खोडवा, पूर्वहंगामी, सुरू असा लागतो. तोडणीचा क्रम अक्षरावर ठरत नाही, पक्वतेवर ठरतो. म्हणून प्रत्येक प्रकाराला एक क्रमांक देऊन त्या क्रमांकावर यादी लावणे योग्य.

रिकामी जागा

शेवटचा मुद्दा छोटा, पण घातक. ज्याची लागण तारीख भरलेलीच नाही त्याची पाळी कुठे? मजकुराच्या रकान्यात कोरी नोंद सर्वांच्या आधी येते. म्हणजे ज्याने तारीख दिली नाही तोच पहिला! तारखेच्या रकान्यातही हे सारखे नाही: पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये चढत्या क्रमात रिकाम्या नोंदी शेवटी जातात, मायएसक्यूएलमध्ये सुरुवातीला येतात. म्हणून रिकाम्या नोंदी यादीत मिसळूच नयेत. त्यांची वेगळी यादी काढून फिल्डमनकडे द्यावी.

आम्ही काय दुरुस्त केले

जुना रकाना पुसला नाही. त्याच्या शेजारी खऱ्या तारखेचा नवा रकाना केला आणि जुन्यातील मजकूर त्यात उतरवला. उतरवताना दिवस आधी आणि महिना नंतर हे स्पष्ट सांगावे लागले. कारण अमेरिकी रीत महिना आधी लिहायची. ती लागली असती तर २८/०७ अडले असते, पण ०५/०८ हे गुपचूप ८ मे होऊन बसले असते. अडलेली चूक सापडते. गुपचूप बसलेली सापडत नाही. ज्या नोंदी उतरल्या नाहीत त्या फिल्डमननी शेतावर जाऊन, सभासदाला विचारून भरल्या. मग यादी पुन्हा काढली, आणि भिंतीवर लावण्याआधी वीस नोंदी रजिस्टराशी हाताने ताडून पाहिल्या. ती वीस नोंदींची पडताळणी आता आम्ही दर यादीला करतो.

नव्या यादीत त्या ज्येष्ठ सभासदांचे नाव वर आले आणि त्याच आठवड्यात त्यांच्या फडात टोळी उतरली. पण आधीच्या पंधरवड्यात ज्यांची पाळी चुकीने मागे गेली त्यांचे नुकसान आम्हाला भरून देता आले नाही. चूक आमच्या विभागाची होती. यादी न ताडता भिंतीवर लावली, ही ती चूक.

सभासदांना विनंती

१. ऊस नोंद पावती हातात पडताच लागण तारीख, हंगाम प्रकार, जात, क्षेत्र आणि गट नंबर वाचून घ्या. तारीख सांगताना महिना शब्दात सांगा: 'पाच जुलै', 'पाच-सात' नव्हे.

२. तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाजे आठवडा सांगून मोकळे होऊ नका. बेण्याची किंवा लागणीच्या मजुरीची चिठ्ठी पाहून सांगा.

३. बँक पासबुकावरील खाते नंबर पुढच्या शून्यांसह द्या आणि पावतीवर तो तसाच आला आहे का पाहा.

४. गट नंबर सातबाऱ्यावर आहे तसाच, पोटहिश्श्यासह लिहून द्या.

५. तोडणीची यादी लागली की आपल्या नावाबरोबर वरची दोन आणि खालची दोन नावे वाचा. क्रम पटला नाही तर गट ऑफिसात येऊन विचारा. मनात ठेवू नका.

ते सभासद त्या दिवशी मनात ठेवून घरी गेले असते आणि पारावर बसून वशिल्याची गोष्ट करत राहिले असते, तर आमच्या रकान्याची चूक आजही तशीच राहिली असती. त्यांनी येऊन विचारले म्हणून ती सापडली. पुढच्या नोंदी सुरू झाल्या की आमचे फिल्डमन आपल्या बांधावर येतीलच. पावती घ्या, वाचा, आणि शंका असेल तर तिथेच विचारा.